पाण्याचा रेणू : हळूहळू वळतो की उडी घेतो?

द्रव पाण्यातील रेणू कसे वळतात? बहुतेक पुस्तके हा प्रश्न एका वाक्यात उरकतात : चहूबाजूंनी धक्के खात ते थोडेथोडे वळत राहतात. हे चित्र पीटर डेबाय यांचे. ध्रुवीय रेणूंवरील त्यांच्या १९२९ च्या ग्रंथात ते सविस्तर आले आहे. त्याची ताकद मान्य केलीच पाहिजे. बदलत्या विद्युत क्षेत्रामागे पाणी किती मागे पडते, याचा हिशोब त्यातून चांगला लागतो. २५ अंश सेल्सिअसला हा काळ सुमारे ८ पिकोसेकंद येतो. (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग.)

परंतु हिशोब जुळला म्हणून चित्र खरे ठरत नाही. डेबाय यांनी रेणूला दाट द्रवात फिरणाऱ्या गोळीसारखे मानले. पाण्याचा रेणू तर शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंधांनी जखडलेला असतो. बंध सांभाळून तो स्वतंत्रपणे वळेल कसा?

लाज आणि हाइन्स यांनी २००६ साली संगणकावरील प्रतिरूपातून याचे उत्तर दिले. जुना जोडीदार दूर सरकतो, नवा जवळ येतो. हायड्रोजन क्षणभर दोघांमध्ये विभागला जातो व रेणू सुमारे ६० अंशांची उडी घेऊन नव्याशी बंध जोडतो. वळणे व जोडीदार बदलणे ही एकच घटना ठरते. आम्हांस हे अधिक पटते.

तरी दोन गोष्टी विसरू नयेत. दोन उड्यांमधल्या काळात बांधलेली जोडी हळूहळू कलतच असते. तेवढ्यापुरते डेबाय उरतात. शिवाय २०१० मध्ये अवरक्त प्रकाशाच्या प्रयोगातून मिळालेला सुमारे ४९ अंशांचा कोन परक्लोरेटच्या द्रावणातला होता, शुद्ध पाण्यातला नव्हे.

स्थलांतराबाबतही आपले वर्गातले चित्र सदोष आहे. रेणूचा वेग सेकंदाला सुमारे ६०० मीटर असला, तरी शेजाऱ्यांच्या गर्दीमुळे एका मिनिटात तो मूळ जागेपासून जेमतेम १ मिलिमीटर दूर जातो. मग पेल्यातला शाईचा थेंब मिनिटभरात तळाशी पोचतो, तो कसा? मुख्यतः पाण्यातील प्रवाहांमुळे आणि शाईच्या वजनामुळे. 'पाहा, रेणू धावतात' असे सांगून हा प्रयोग दाखवणे आम्हांस चुकीचे वाटते. त्याऐवजी परीक्षानळीत जिलेटिन गोठवावे, वर रंगीत पाणी ओतावे आणि रंग दररोज किती मिलिमीटर उतरतो ते विद्यार्थ्यांनाच मोजू द्यावे. प्रवाह थांबले की रेणूंची खरी चाल दिसते.