‘निवेदन’मधील परदेशवास: एक विचार

गोव्यातील सांकवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनी जून १९४७ मध्ये वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे प्रायोपवेशनाने देह ठेवला. त्यांचे ‘निवेदन’ (१९२४) हे आत्मकथन धर्मजिज्ञासेचा वृत्तांत म्हणून वाचले जाते. परंतु परकीय समाजात दीर्घकाळ राहणाऱ्या मनुष्याच्या मनाचा आलेख म्हणूनही ते तितकेच विचारार्ह आहे.

परदेशी गेलेल्या माणसाच्या मनास बसणाऱ्या धक्क्याला मानवशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९६० मधील लेखात ‘संस्कृतीचा आघात’ मानून त्याच्या अवस्था सांगितल्या. प्रथम नावीन्याची भुरळ पडते, मग वैताग व परकेपणा येतो आणि शेवटी हळूहळू रुळणे घडते. ही मांडणी ‘निवेदना’स लावू गेल्यास पहिली पायरीच सापडत नाही. कोसंबी भुरळ पडून निघालेले नाहीत. ते गुरूच्या शोधात निघालेले आहेत. म्हणून त्यांचा आघातही निराळा आहे.

त्याचे उत्तम उदाहरण नेपाळचे होय. १९०२ साली ते तेथे गेले, ते बुद्धाचा धर्म जिवंत स्वरूपात पाहावयास मिळेल या आशेने. प्रत्यक्षात आढळलेल्या आचारांनी त्यांची निराशा झाली. येथे आघात झाला तो अनोळखीपणाचा नव्हे; ओळखीचे वाटलेले ओळखीचे न निघाल्याचा होय. उलट सिंहलद्वीपात भाषा, लिपी व आहार सर्वच परके. तेथील अन्न प्रकृतीस न मानवल्याने पुढे त्यांना परतावेही लागले. तरीही कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपाशी झालेले अध्ययन हे त्यांच्या जीवनातील मोठे लाभस्थान ठरले. शरीर रुळले नाही, बुद्धी रुळली. या दोहोंची गती एक नसते, हे ‘निवेदना’तून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही अवस्थाक्रमातून होत नाही.

बुद्धी रुळली ती पालीच्या आधाराने. सिंहली आणि बर्मी भिक्षूंची शास्त्रभाषा एकच. लिपी व उच्चार मात्र भिन्न. बर्मी मुखातून पालीचा ‘स’ ‘थ’सारखा ऐकू येतो. ग्रंथ तोच, पण कानास परका. असे अंतर ओलांडण्यास वेगाचा उपयोग नाही. गुरुमुखातून पुनःपुन्हा ऐकावे लागते. मंद प्रवासाचे महत्त्व मैलांच्या संख्येत नसून या श्रवणात आहे. पुढे हार्वर्ड येथे ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनास ज्या पूर्वतयारीची गरज होती, ती अशाच वास्तव्यात झाली होती.

या दृष्टीने पाहता ‘निवेदना’ची एक उणीव जाणवते. अन्नाच्या व आजाराच्या अडचणी लेखक प्रांजळपणे नोंदवितो. परंतु नवी भाषा कानी कशी बसत गेली, कोणत्या शब्दाने अडविले, याचा तपशील भाषाभ्यासकाची जिज्ञासा पुरी करील इतका देत नाही. संयम हा त्या शैलीचा गुण खरा. तथापि येथे तो वाचकाच्या पदरी हानी टाकतो.

हाच प्रश्न वर्धा परिसरातून यजमानाच्या बाजूनेही पाहता येतो. १९२५ साली हिंदुस्थानात आलेल्या मीराबेन (मॅडेलिन स्लेड) गांधीजींच्या आधीच सेगावी राहावयास गेल्या; १९४० मध्ये त्याच गावास सेवाग्राम हे नाव मिळाले. देशात दहा वर्षे काढलेल्या व हिंदी शिकलेल्या त्या बाईंना मराठी बोलणाऱ्या या गावात पुन्हा प्रारंभापासूनच शिकणे भाग होते. देश परिचित झाला म्हणून गाव परिचित होत नाही.

तेव्हा परदेशवासाचे यश वर्षांवरून मोजणे अयुक्त ठरते. दर मुक्कामी पुन्हा विद्यार्थी होण्याची तयारी किती, हेच त्याचे खरे माप होय. ‘निवेदना’चे टिकाऊ मोल या मापातच आहे.