वाचनाची नोंद आणि डिस्टोपियन कादंबरी : एका वाचकाचे चिंतन

प्रास्ताविक :

वाचलेल्या पुस्तकांची वही ठेवण्याची सवय अनेक अध्यापकांना असते. प्रस्तुत लेखकाच्या वहीत पुस्तकाचे नाव, लेखक, पृष्ठसंख्या आणि वाचून संपविल्याची तारीख असे चार रकाने आहेत. अलीकडे ही वही चाळताना जॉर्ज ऑर्वेल यांची ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) ही कादंबरी तीन वेळा वाचल्याची नोंद आढळली. मात्र कोणत्या वाचनात काय उमगले, याविषयी एक ओळही सापडली नाही. पुस्तकांची संख्या वाढत गेली होती, पण वाचक कसा बदलला याचा कोठेच मागमूस नव्हता. मग ही नोंद नेमकी कशाची, असा प्रश्न पडला. आदर्श राज्याचे स्वप्न सत्तेच्या हाती पडले की त्याचे दुःस्वप्न कसे होते, हे दाखविणाऱ्या डिस्टोपियन कादंबरीने या प्रश्नाचा फार गांभीर्याने विचार केला आहे. अशा काही कादंबऱ्यांच्या आधारे वाचनाच्या नोंदीचे स्वरूप तपासणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

हिशेबाची वही आणि मनाची वही :

येवगेनी झाम्यातिन यांची ‘वुई’ ही कादंबरी १९२०-२१ मध्ये लिहिली गेली. १९२४ मध्ये ती इंग्रजी अनुवादाच्या रूपाने प्रथम प्रसिद्ध झाली. सोव्हिएत रशियात मात्र ती छापली जाण्यास १९८८ साल उजाडावे लागले. या कादंबरीतील राज्यात माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत आणि दिनक्रम वेळापत्रकाने बांधलेला आहे. डी-५०३ हा गणितज्ञ राज्याच्या गौरवासाठी नोंदी लिहू लागतो. परंतु लिहिता लिहिता हिशेबात न बसणारे बरेच काही त्यांत शिरते : स्वप्ने, मत्सर, प्रेम, शंका. नोंदी चाळीस आहेत. अखेरची नोंद शस्त्रक्रियेने कल्पनाशक्ती काढून टाकल्यानंतरची आहे. ती व्यवस्थित आहे, शंकारहित आहे आणि म्हणूनच भयंकर आहे.

ऑर्वेल यांचा विन्स्टन स्मिथ दोन प्रकारचे लेखन करतो. सत्य मंत्रालयात तो जुन्या वृत्तपत्रांतील नोंदी सत्तेच्या सोयीनुसार बदलतो. घरी मात्र जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेल्या वहीत तो स्वतःसाठी लिहितो. वहीच्या पहिल्या पानावर तो तारीख घालतो आणि लगेच ते वर्ष तरी खरे आहे का, याविषयी साशंक होतो. प्रस्तुत लेखकाच्या वहीत तारखा अचूक आहेत, मजकूर नाही. विन्स्टनला तारखेची खात्री नाही, पण लिहिलेला प्रत्येक शब्द त्याने जिवावर उदार होऊन लिहिला आहे.

बहुवाचन आणि अभ्यासकाची मर्यादा :

केवळ पुष्कळ वाचल्याने माणूस मोकळा होतो, असेही या कादंबऱ्या मानत नाहीत. रे ब्रॅडबरी यांच्या ‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३) मध्ये पुस्तके जाळणाऱ्या दलाचा प्रमुख बीटी हा स्वतः बहुश्रुत आहे. अवतरणे त्याच्या जिभेवर आहेत. त्यांचा उपयोग तो समोरच्याला नामोहरम करण्यासाठी करतो. याउलट, शहराबाहेर भटकणारी माणसे एखादेच पुस्तक मुखोद्गत करून स्वतः त्याचा आधार बनतात.

मार्गारेट अॅटवुड यांच्या ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) या कादंबरीचा शेवट तर अध्यापकवर्गाने मुद्दाम वाचावा असा आहे. नायिकेचे निवेदन ध्वनिफितींवर सापडते आणि २१९५ मधील एका परिसंवादात प्राध्यापक पिएक्सोटो त्यावर शोधनिबंध वाचतात. फितींचा क्रम, काळ, व्यक्तींची ओळख यांविषयी ते दक्ष आहेत. पण नायिकेने सत्ताधाऱ्याच्या संगणकातील माहिती ठेवली असती तर बरे झाले असते, अशी त्यांची खंत आहे. एका स्त्रीची व्यथा समोर असताना अभ्यासक आकडे मागतो, आणि सभागृह त्याच्या विनोदांना हसते.

आजचे वास्तव :

ही चेतावणी कल्पितापुरती राहिलेली नाही. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने ‘नाइन्टीन एटी-फोर’ आणि ‘अॅनिमल फार्म’ यांच्या हक्काविना विकल्या गेलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडल उपकरणांतून परस्पर पुसून टाकल्या. एका अमेरिकी विद्यार्थ्याची टिपणे त्यामुळे निरुपयोगी झाली. कंपनीने नंतर क्षमा मागितली. तथापि आपले वाचन दुसऱ्याच्या हाती असू शकते, हे त्यातून स्पष्ट झाले. दुसरीकडे, वर्षाला किती पुस्तके वाचणार याचा संकल्प सोडून त्याची मोजदाद करण्याची सोय गुडरीड्ससारख्या संकेतस्थळांनी केली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी आणलेली गुणांकन पद्धती अनुभवलेल्या आपणा अध्यापकांना हा मोह परका नाही. येथे मोजणारा कोणी जुलमी सत्ताधीश नाही. ते काम आपण आनंदाने स्वतःच करतो.

अर्थात, नोंद ठेवणेच त्याज्य आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. चार्ल्स डार्विन यांनी १८३८ पासून वाचलेल्या व वाचावयाच्या पुस्तकांच्या याद्या ठेवल्या. पण त्याच वर्षी माल्थस यांचा लोकसंख्येवरील ग्रंथ वाचताना सुचलेला विचार त्यांच्या टिपणवहीतही उतरला. यादीला अशा टिपणाची जोड मिळाली, तरच ती विचाराचा इतिहास सांगू शकते.

समारोप :

या विवेचनानंतर प्रस्तुत लेखकाने आपल्या वहीत पाचवा रकाना आखला आणि ‘नाइन्टीन एटी-फोर’ चौथ्यांदा वाचली. कादंबरीच्या शेवटी ‘न्यूस्पीक’ या कृत्रिम भाषेवर एक परिशिष्ट आहे. ते भूतकाळात आणि साध्या, मोकळ्या भाषेत लिहिलेले आहे. म्हणजे ती भाषा व ती सत्ता दोन्ही केव्हातरी संपली असावीत. अॅटवुड यांनीही या परिशिष्टाचा असाच अर्थ लावला आहे. आधीच्या तीन वाचनांत हे परिशिष्ट प्रस्तुत लेखकाने केवळ पृष्ठसंख्येत धरले होते. पाचव्या रकान्यातील पहिली नोंद त्याचीच आहे.