बॅम्बी, पाडस आणि ॲन आर्बरची हरणे

तोल्दोथचा पारशा बहुधा नोव्हेंबरात येतो. एसाव धनुष्यबाण घेऊन रानात जातो आणि याकोब तंबूत बसतो, ही कथा आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. मिशिगनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांच्या कानी ती पडते तेव्हा बाहेर खरोखरीचे एसाव निघालेले असतात. १५ नोव्हेंबरला या राज्यात बंदुकीने हरीण मारण्याचा हंगाम उघडतो व ३० तारखेपर्यंत चालतो. उत्तरेकडील कित्येक गावांत पहिल्या दिवशी शाळांना सुट्टी असते. नारिंगी जाकिटे घातलेली माणसे पेट्रोलपंपावर कॉफी पिताना दिसतात, आणि मागच्या सीटवरून मुले विचारतात, "हे लोक बॅम्बीला मारणार का?"

मुलांनी हे विचारावे यात नवल नाही. पण ॲन आर्बर शहरात हाच प्रश्न मोठ्यांनी विचारला, आणि तोही नगरपरिषदेच्या सभागृहात. तेथील वाद वाचताना आम्हांस सारखे वाटत होते की, या मंडळींपैकी निम्मी एक चित्रपट पाहून बोलत आहेत आणि उरलेली निम्मी त्या चित्रपटावर चिडून बोलत आहेत. म्हणून त्या चित्रपटाचा, तो ज्या पुस्तकावरून निघाला त्याचा, आणि मराठी वाचकांना परिचित असलेल्या दुसऱ्या एका पुस्तकाचा येथे विचार करण्याचे योजिले आहे.

आधी प्रकरण थोडक्यात. ॲन आर्बर हे विद्यापीठाचे गाव. ह्यूरन नदीच्या काठची राने आणि घरामागच्या बागा यांत पांढऱ्या शेपटीची हरणे वाढली. फुलझाडे गेली, रानातील ओकची रोपे वाढेनात, मोटारींना धडका बसू लागल्या. (सबंध राज्यात अलीकडे अशा धडका वर्षाला ५०,००० च्या वर होतात.) ऑगस्ट २०१५ मध्ये नगरपरिषदेने हरणे मारून त्यांची संख्या कमी करण्याचा ठराव केला. महापौर क्रिस्टोफर टेलर यांनी विरोधात मत दिले, तरी ठराव मोठ्या बहुमताने संमत झाला. २०१६ च्या हिवाळ्यात केंद्र सरकारच्या शेतीखात्याचे नेमबाज आले. संध्याकाळी चारपासून मध्यरात्रीपर्यंत उद्याने बंद ठेवून त्यांनी ६३ हरणे मारली. मांस गरिबांना अन्न पुरवणाऱ्या 'फूड गॅदरर्स' या संस्थेला दिले गेले. पुढल्या वर्षी काम एका खासगी संस्थेकडे गेले. ९६ हरणे मारली, आणि ५४ माद्यांवर शस्त्रक्रिया करून त्यांना वांझ केले. भूतदयावाद्यांची 'ह्युमेन सोसायटी ऑफ ह्यूरन व्हॅली' सुरुवातीपासून विरोधात होती. पाट्या लागल्या, सभा झाल्या, शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला. रात्री चाऱ्यावर आलेल्या कळपात वय विचारले जात नाही, आणि लोकांना सर्वांत जास्त बोचले ते हेच की यात पाडसेही जाणार.

आता बॅम्बी. वॉल्ट डिस्ने यांचा चित्रपट १९४२ सालचा. तो ज्या पुस्तकावरून निघाला त्याचे लेखक फेलिक्स साल्टेन, हे आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. जन्म १८६९ सालचा, बुडापेस्टचा. मूळ नाव सीगमुंड साल्झमान. वाढले व्हिएन्नात. थिओडोर हर्झल यांच्या परिचयातले. १९२४ मध्ये ते एरेत्झ इस्राएलला जाऊन आले आणि त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिले. 'बॅम्बी' १९२३ साली पुस्तकरूपाने आले. १९३६ मध्ये नाझींनी त्यावर बंदी घातली. चित्रपटाचे हक्क त्यांनी त्याआधीच, १९३३ साली, सिडनी फ्रँकलिन या दिग्दर्शकाला अवघ्या एक हजार डॉलरला विकले होते. ते स्वित्झर्लंडला निघून गेले व १९४५ मध्ये झुरिकला वारले.

हे साल्टेन स्वतः शिकारी होते. स्वतःच्या राखलेल्या रानात ते बंदूक घेऊन हिंडत. जगभर ज्या पुस्तकाने मुलांना शिकाऱ्याचा तिटकारा शिकवला, ते शिकाऱ्याने लिहिलेले आहे! ही विसंगती पुष्कळांना मौजेची वाटते. आम्हांस ती पुस्तकाची खरी ताकद वाटते. रानात तासन्‌तास निश्चल बसल्यावाचून जे दिसत नाही ते त्या पानांत आहे. त्यात प्राणीही एकमेकांना मारून खातात, हिवाळ्यात उपासमार होते, दुबळे मरतात. गोबो नावाचे एक पाडस आहे. माणसांनी ते उचलून नेऊन पाळले, त्याच्या गळ्यात पट्टा बांधला. ते परत येते तेव्हा माणूस आपला मित्र आहे अशा समजुतीत असते, आणि त्या समजुतीपायीच भर कुरणात गोळी खाऊन मरते. १९२३ च्या व्हिएन्नात एका ज्यू लेखकाने हा प्रसंग लिहिला, हे कळल्यावर आमच्या मनात काय आले ते आपल्या वाचकांना सांगावयास नको. शेवटी म्हातारा हरीण बॅम्बीला मरून पडलेला एक माणूस दाखवतो. माणूसही मरतो, तोही सर्वसत्ताधीश नव्हे, एवढे त्याला दाखवायचे असते.

चित्रपटात यातले काय उरले? गोबो नाही. मेलेला माणूस नाही. जनावर जनावराला खात नाही, घुबडसुद्धा सशांचा सोबती. रानातले सगळे दुःख बाहेरून येते, बंदुकीबरोबर. शिवाय जर्मन रानातले लहानखुरे हरीण काढून त्याजागी अमेरिकेचे पांढऱ्या शेपटीचे घातले. चित्रकारांना पाहून काढता यावे म्हणून मेन राज्यातून दोन पाडसे स्टुडिओत आणवली होती. त्यामुळे अमेरिकन मुलाच्या दृष्टीने बॅम्बी म्हणजे आपल्याच परसातले हरीण झाले. चित्रकला अप्रतिम आहे, याबद्दल दुमत नाही. आईच्या मरणाचा प्रसंग आजही काळीज हलवतो, आणि तो पडद्यावर न दाखवण्यात दिग्दर्शनाचे मोठे कसब आहे. पण बारकाईने पाहावे. बर्फातून नवे गवत डोकावले आहे, म्हणजे वसंत लागला आहे, आणि गोळी सुटते. असा वेळी हरीण मारणारा कायद्याने चोरच ठरतो. 'आउटडोअर लाइफ' मासिकाच्या संपादकांनी १९४२ मध्येच यावर निषेध केला होता. त्यांची भाषा जरा तापलेली होती, परंतु मुद्दा बरोबर होता.

आणि मुख्य म्हणजे त्या रानात हरणे किती, हा प्रश्न चित्रपटाला पडतच नाही. बॅम्बीच्या रानाला नेहमी पुरेल इतका पाला आहे.

खऱ्या रानात काय होते याचा पाठ ॲन आर्बरच्या विद्यापीठानेच जगाला दिला आहे. पिंक्नी गावाजवळ जॉर्ज रिझर्व्ह नावाचे कुंपण घातलेले रान आहे. कर्नल एडविन जॉर्ज यांनी १९२८ साली त्यात सहा हरणे सोडली, दोन नर व चार माद्या. पुढे हे रान विद्यापीठाला देणगी मिळाले. सहा वर्षांनी माणसांची रांग लावून हाका घातला (कोकणात डुकरासाठी घालतात तसाच, फक्त येथे मोजण्यासाठी) तेव्हा १६० हरणे भरली. सहाची एकशेसाठ! रान खरवडून निघाले होते. तेव्हापासून तेथे दरसाल हरणे मारावी लागली, आणि त्या नोंदींवर डेल मॅकलो यांनी १९७९ मध्ये जो ग्रंथ लिहिला तो या शास्त्रात आजही प्रमाण मानतात. लांडगे गेले, चित्ते तर नव्हतेच, पाला मुबलक, म्हणजे मरण यावयाचे ते उपासाने, मोटारीने वा गोळीने. उपासाने प्रथम मरते ते पाडस, कारण बर्फात उंच डहाळीपर्यंत त्याचे तोंड पोहोचत नाही.

हे सगळे ज्या लेखिकेला ठाऊक होते तिचे पुस्तक आपल्या मराठीत आहे. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची 'द यर्लिंग' ही कादंबरी १९३८ ची. दुसऱ्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. 'सत्यकथे'चे संपादक राम पटवर्धन यांनी 'पाडस' या नावाने तिचा असा अनुवाद केला की, फ्लॉरिडाचे झुडपी रान वाचकाला सावंतवाडीच्या पलीकडे असल्यासारखे वाटावे. बापाला रॅटलस्नेक जातीचा विषारी साप चावतो. विष शोषून घ्यायला तो एक हरिणी मारून तिचे काळीज जखमेवर लावतो. तिचे पोरके झालेले पाडस मुलगा ज्योडी घरी आणतो. घरात एकुलते एक मूल, शेजार दूर, खेळगडी नाही. पाडस वाढते, आणि वाढले की खाते. आधी तंबाखूची रोपे, मग मक्याचे कोवळे कोंब, पुन्हा पेरले की पुन्हा तेच. मुलगा उर फुटेतो कुंपण उंच करतो, आणि ते उंच कुंपण पाडस सहज ओलांडते. मका गेला तर घर उपाशी. बाप अंथरुणाला खिळलेला. तो मुलाला हरीण मारायला सांगतो, मुलाच्याने होत नाही, आई गोळी घालते आणि नेम चुकून ते नुसते जखमी होते. शेवटची गोळी मुलालाच घालावी लागते.

१९४६ मध्ये यावर चित्रपट निघाला. त्याचा निर्माता तोच सिडनी फ्रँकलिन, ज्याने बॅम्बीचे हक्क विकत घेतले होते. एकाच माणसाने दोन पाडसे पडद्यावर आणली, एक अमर आणि एक मारावे लागलेले. अमेरिकेने कोणते डोक्यावर घेतले ते सर्वांना माहीत आहे.

'बॅम्बी'त मारणाराला चेहरा नाही, म्हणून त्याचा द्वेष करणे सोपे जाते. 'पाडसा'त मारणारा आपणच आहोत. आमच्या मते लहान हरणाला मारण्याच्या नीतीची खरी चर्चा या दुसऱ्या पुस्तकापासून सुरू व्हावी. लहान म्हणून त्याचा जीव अधिक मोलाचा काय? मे-जूनमध्ये जन्मलेले पाडस नोव्हेंबरात दुधावर नसते, अंगावरचे ठिपकेही गेलेले असतात. त्या वयात ते मारणे आणि त्याची आई मारणे यांत क्रौर्याचा फरक आम्हांस दिसत नाही. फरक दिसतो तो ठिपके असताना, दूध चालू असताना. तेव्हा आई मारली तर दोन मरणे होतात, आणि म्हणूनच कायदा त्या महिन्यांत बंदूक उचलू देत नाही.

आपल्या धर्मशास्त्राने याच बाजूने विचार केला आहे. गाय किंवा मेंढी आणि तिचे पिलू एकाच दिवशी कापू नये, असे लेवीयाच्या २२ व्या अध्यायात आहे. अनुवादाच्या २२ व्यात अंड्यांवर वा पिलांवर बसलेली पक्षीण पिलांसकट घेऊ नये, असे आहे. पहिला नियम रब्बींनी पाळीव जनावरांपुरता धरला, तेव्हा अक्षराने तो हरणाला लागत नाही. पण त्याचे कारण काय? रांबाम म्हणतात, पिलासाठी आईला होणारे दुःख जनावरात आणि माणसात सारखेच. रांबान म्हणतात, नियम जनावराकरिता नसून आपल्याकरिता आहे, आपल्या अंगी निर्दयता मुरू नये म्हणून. शिकारीविषयी तर अठराव्या शतकात प्रागचे रब्बी येहेझ्केल लांडाऊ यांना एका श्रीमंत जमीनदाराविषयी प्रश्न आला होता: स्वतःचे रान आहे, त्यात बंदुकीने शिकार करावी काय? त्यांनी उत्तर दिले की शिकारी म्हणून तोरात नावे येतात ती निम्रोदाची आणि एसावाची, आपल्या पूर्वजांची नव्हेत. हिंस्र जनावर वस्तीत शिरले तर गोष्ट निराळी. पोटासाठी असेल तरीही निराळी. पण केवळ हौसेसाठी त्यांच्या घरात, म्हणजे रानात, पाठलाग करणे त्यांनी क्रूरपणाचे ठरवले.

हरीण खाण्यास शुद्ध, अनुवादाच्या १४ व्या अध्यायात त्याचे नावच आहे. शेहिता केली आणि रक्त मातीने झाकले म्हणजे झाले. गोळीने मेलेले मात्र नेवेला. आमच्या शेजारचे गृहस्थ दर डिसेंबरात हरणाच्या मांसाचे पुडके घेऊन दारी येत. कारण समजावून दिल्यावर ते म्हणाले, मग तुम्ही लोक शिकार करून मिळवणार तरी काय? प्रश्न अगदी बरोबर होता.

गंमत अशी की, अमेरिकन लोकमतही रांबान व रब्बी लांडाऊ यांच्यासारखे हेतूच विचारते. येल विद्यापीठाचे स्टीफन केलर्ट यांनी १९७० च्या दशकाअखेर देशभर पाहणी केली, तिच्यात मांसासाठी शिकार बहुसंख्यांना मान्य होती आणि भिंतीवर शिंगे लावण्यासाठी केलेली बहुसंख्यांना अमान्य. नंतरच्या पाहण्यांतही हाच कौल दिसतो. ॲन आर्बरने मात्र एक नवीनच गोष्ट केली. हरणे पुरेशी कमी झाली हे ओळखायचे कसे? रानात ओकची रोपे लावून किती खाल्ली जातात हे मोजले, ते ठीक. त्याच्या जोडीला प्रश्नावली पाठवली, आणि प्रत्येक प्रभागातील ७५ टक्के उत्तरकर्त्यांना हरणांची स्थिती पसंत वाटावी असे ध्येय ठेवले. आमचा आक्षेप या ठिकाणी आहे. ओकच्या रोपाला आवडनिवड नसते, ते खाल्ले गेले किंवा राहिले. रहिवाशाला असते. ट्यूलिप खाल्ली म्हणून चिडलेला आणि बॅम्बी पाहून रडलेला, दोघांचे उत्तर एकाच रकान्यात पडते, आणि त्या बेरजेवर किती गोळ्या झाडायच्या ते ठरते. नगरपालिकेने मारले याबद्दल आम्ही तिला दोष देत नाही. मांस भुकेल्यांच्या ताटात गेले, काम हिवाळ्यात झाले, गंमत म्हणून झाले नाही. पण मारण्याचे कारण रान असावे, समाधानाचा आकडा नव्हे. माद्या वांझ करण्याच्या उपायालाही हेच लागू आहे. तो दयेचा म्हणून पुढे आला, परंतु वांझ मादी पुढली कित्येक वर्षे तोच पाला खात राहते. २०१८ अखेर राज्याने असे परवाने काही वर्षांसाठी बंदच केले.

संख्या उलटी असली की सगळेच उलटते, हे इस्राएलातील आपले बांधव जाणतात. तोरातील त्या यादीतले म्हणून मानले जाणारे इराणी हरीण तेथून नाहीसे झाले होते. १९७८ मध्ये, इराणातील उलथापालथीच्या तोंडावर, चार माद्या विमानाने आणल्या, वाढवल्या, आणि १९९६ पासून त्यांची प्रजा गालीलच्या रानात सोडली जाऊ लागली. तेथे एक पाडस कुत्र्यांनी मारले तरी ती बातमी होते.

'बॅम्बी' मुलांना दाखवू नये असे आमचे म्हणणे नाही. जरूर दाखवावा, मात्र साल्टेनचे मूळ पुस्तकही घरात असू द्यावे. जॅक झाइप्स यांचे नवे इंग्रजी भाषांतर २०२२ मध्ये निघाले आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला 'द यर्लिंग' द्यावे. ज्या घरी आजी अजून मराठी वाचते, तेथे तिने 'पाडस' मोठ्याने वाचावे. मक्याच्या शेताचे प्रकरण आले म्हणजे मूल पुढे काय होणार ते ओळखते आणि पुस्तक मिटायला सांगते. आजीने मिटू नये.