आशीर्वादाचे भाषांतर

आयर्लंडची म्हणून जी आशीर्वचने इंग्रजीतून जगभर पसरली, त्यांत निघणाऱ्या पांथस्थाला उद्देशून असलेले एक वचन विशेष लोकप्रिय आहे. वाट उठून त्याच्या भेटीस येवो, असा त्याच्या पहिल्या चरणाचा आशय. प्रतिमा रम्य खरी. पण आयरिश भाषेतील तत्सम वचनात ती नाही. 'उठणे' या अर्थाचे आयरिश क्रियापद विशिष्ट अव्ययासह आले की त्याचा अर्थ 'सफल होणे' असा होतो. प्रवास सुफळ होवो, एवढेच तेथे म्हटलेले असते. इंग्रजीने रूढार्थ सोडून वाच्यार्थ उचलला, आणि निरोपाच्या साध्या शब्दांचे चित्र झाले.

या चित्रालाही स्वतंत्र सौंदर्य आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि आशीर्वाद हे मुळात वर्णन नव्हे, ती कृती होय. कोणी, कोणाला, कोणत्या उंबरठ्यावर तो दिला, यावरच त्याचे बळ अवलंबून असते. आयर्लंडमध्ये 26 डिसेंबरला 'रेन' नावाच्या चिमुकल्या पक्ष्याला मिरवीत मुले दारोदार फिरत. गरुडाच्या पिसांत लपून तो त्याच्याहून उंच उडाला व पक्ष्यांचा राजा ठरला, अशी दंतकथा आहे. त्या पक्ष्याचे माहात्म्य दंतकथेइतकेच त्या फिरण्यातही आहे.

याचे जवळचे उदाहरण छत्तीसगढात सापडते. भिलाईत पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली सुरू झाली. सुपेला ही त्याच औद्योगिक नगरीतील वस्ती. तिच्या भोवतीच्या छत्तीसगढी लोकजीवनात दिवाळीच्या सुमारास स्त्रिया टोपलीतील धान्यावर मातीचा राघू ठेवून सुवा नाचतात. टाळ्यांच्या ठेक्यावर त्या राघूला आपले दुःख सांगतात. विरह, सासुरवास, माहेरची ओढ. घरधनिणीने तांदूळ वा पैसे दिले की त्याच स्त्रिया त्या घराला धनधान्याचा, लेकराबाळांचा आशीर्वाद देऊन पुढे जातात. नुकतेच जिने स्वतःचे दुःख गाइले, तिच्याच मुखातून दुसऱ्याचे कल्याण चिंतिले जाते. या आशीर्वादाचे मोल येथेच आहे. व्हेरिअर एल्विन यांच्या 1946 च्या संग्रहाने छत्तीसगढी गीते इंग्रजी वाचकांपर्यंत नेली. परंतु टाळी, टोपली आणि उंबरठा छापील पानावर कसा उतरावा?

मराठी भाषांतरकारापुढील प्रश्न हाच आहे. इंग्रजीवरून 'वाट तुला सामोरी येवो' असे लिहिले, तर एका चुकीची दुसरी प्रत तेवढी निघेल. निघणाऱ्याने 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणावे, हा ज्या भाषेचा संकेत, तिला निरोपाचे मर्म परक्या भाषेकडून शिकण्याचे कारण नाही. 'सुखरूप जा, सुखरूप परत ये' हे मराठी घरातील उद्गार त्या आयरिश वचनाच्या अधिक निकट आहेत. त्यांत प्रतिमा नाही. परंतु दारात उभे राहून निरोप देणारे माणूस आहे. भाषांतरात जपावयाचे ते हेच.