दाबाची रेघ

दिवाळीत भुकूमला अंगणात बाण लावला, की आधी तो बाटलीतच फुसफुसतो आणि मग सुटतो. त्या फुसफुसण्यात काय घडतं ते ज्या रेघेत वाचता येतं, ती मला एखाद्या बंदिशीसारखी पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटते. रॉकेटची घन इंधनाची मोटर चाचणीच्या चौथऱ्यावर जखडून पेटवतात आणि आतला दाब क्षणाक्षणाला नोंदवतात. तीच ही रेघ. भुकूमहून चांदणी चौकामार्गे पाषाणला गेलं, की सुतारवाडीत अशा इंधनांवर काम करणारी एचईएमआरएल आहे. १९०८ साली नैनितालला सुरू झालेली ही प्रयोगशाळा १९६० मध्ये पुण्यात आली. पिनाका रॉकेटचं इंधन इथलंच.

रेघेची सुरुवात उभ्या चढणीने होते, कारण इंधनाच्या साऱ्या पृष्ठभागाने एकदम पेट घेतलेला असतो. मग येते सपाटी, आणि खरं सौंदर्य तिच्यात आहे. इंधनातलं भोक गोल असेल, तर जळता जळता ते रुंदावतं आणि रेघ चढत जाते. म्हणून भोक चांदणीच्या आकाराचं ठेवतात. आत आलेली टोकं झिजतात, बाकीचा भाग पसरतो, आणि जळणारा पृष्ठभाग जवळपास तेवढाच राहतो.

या सपाटीला आधार एका आकड्याचा आहे. फ्रान्समध्ये पॉल व्हिएयने १८९३ साली दाखवलं, की जळण्याचा वेग दाबाच्या एका घातानुसार वाढतो. तो घात एकपेक्षा कमी हवा. मग दाब चुकून वाढला, तरी आत तयार होणाऱ्या वायूपेक्षा नळीच्या तोंडातून बाहेर पडणारा वायू जास्त वाढतो आणि दाब आपोआप जागेवर येतो. घात एकच्या वर गेला, की मोटर फुटलीच म्हणून समजा.

हा घात काढण्याची संशोधक क्रॉफर्ड आणि सहकाऱ्यांची १९४७ची रीत मला फार आवडते. इंधनाची पेन्सिलीहून बारीक कांडी घ्यायची, बाजूंना लेप द्यायचा म्हणजे ती उदबत्तीसारखी टोकाकडूनच जळते. तिच्यात मोजलेल्या अंतरावर बारीक तारा ओवायच्या आणि नायट्रोजनच्या दाबाखाली ती पेटवायची. ज्योत पोचली की तार तुटते. अंतर ठाऊक, वेळ हाती. वेगवेगळ्या दाबांना हेच केलं, की घात मिळतो.

रेघेच्या शेवटी शेपटी असते, भिंतीलगत उरलेल्या इंधनाच्या ढलप्या जळतात तोवरची. ही शेपटी का महत्त्वाची, ते १८ जुलै १९८० ला यशस्वी झालेल्या भारताच्या एसएलव्ही-३ या यानाकडे पाहून कळतं. त्याचे चारही टप्पे घन इंधनाचे होते. अशा यानात खालच्या टप्प्याची शेपटी केव्हा विरते हे नेमकं कळल्याशिवाय तो वेगळा करता येत नाही.