निरोप घेणारा विनोद

विनोदी कृतीची समीक्षा करण्याचा प्रसंग आला की समीक्षक थोडा संकोचतो. शोकांतिकेपुढे गंभीर होणे सोपे असते. ज्या पानावर वाचक खुदकन हसून पुढे जातो, त्या पानापाशी गंभीर चेहऱ्याने थांबणे त्याला अवघड वाटते. मग 'हलकेफुलके' हे विशेषण बहाल करून तो मोकळा होतो. परंतु एखादी हलकीफुलकी कृती पूर्ण होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी वाचक तिच्यातील पात्रांविषयी घरच्या माणसांसारखे बोलत असतील, तर त्या जिव्हाळ्याचे मूळ शोधणे हे समीक्षेचे कर्तव्यच ठरते. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका कृतीचा विचार करणार आहोत. ती म्हणजे जपानी चित्रकार-लेखक कियोहिको आझुमा यांची 'आझुमांगा दाइओ' ही शालेय चित्रकथा.

ही कथा आमच्या हाती आली ती एका तरुण वाचकाकडून. येन प्रेस या प्रकाशनसंस्थेने चारही भाग एकत्र करून २००९ साली काढलेली इंग्रजी आवृत्ती त्याने आम्हांला वाचावयास दिली. पुस्तकाचे कोपरे हाताळून मऊ पडले होते. यात असे आहे तरी काय, असे आम्ही विचारले, तेव्हा तो म्हणाला, "फादर, यात काहीच घडत नाही. पण संपले की वाईट वाटते." त्या वेळी हे उत्तर आम्हांला अपुरे वाटले. पुस्तक दोनदा वाचून झाल्यावर मात्र त्या दोन वाक्यांत या कृतीची बरीचशी समीक्षा सामावली आहे, असे आमचे मत झाले. ज्या कथेत काहीच घडत नाही, ती संपल्याचे दुःख का व्हावे, एवढाच आमच्यापुढील प्रश्न आहे.

प्रथम थोडा परिचय. लेखकाचे आडनाव, चित्रकथेसाठी असलेला 'मांगा' हा जपानी शब्द, आणि कथा ज्या मासिकात प्रसिद्ध झाली त्या 'देन्गेकी दाइओ'चे उत्तरपद, यांच्या जोडणीतून हे शीर्षक तयार झाले आहे. 'दाइओ' म्हणजे महाराजा. कथेत मात्र ना राजा आहे ना राज्य. फेब्रुवारी १९९९ च्या अंकात ती सुरू झाली आणि मे २००२ च्या अंकात संपली. २००२ सालीच तिच्यावरून दूरचित्रवाणीसाठी सचेतपटांची मालिकाही निघाली. कथानक एका वाक्यात सांगून होते: उच्च माध्यमिक शाळेच्या एका वर्गात सहा मुलींची मैत्री जमते, त्या तीन वर्षे सोबत काढतात आणि शाळा सोडून जातात. रहस्य नाही, खलपुरुष नाही, प्रेमकथा म्हणावी अशी प्रेमकथाही नाही.

कथेचा बहुतेक भाग 'योन्कोमा' या प्रकारात रचलेला आहे. योन्कोमा म्हणजे एकाखाली एक रचलेल्या चार चौकटी. आरंभ, विस्तार, कलाटणी आणि समारोप असा चार पायऱ्यांचा क्रम तीत मानला जातो, आणि त्याची परंपरा प्राचीन चिनी चतुष्पदी कवितेपर्यंत जाऊन पोहोचते. मराठी वाचकाला हे समजण्यास ओवीची आठवण पुरेशी आहे. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात, चौथा आखूड असतो, आणि अर्थ पुष्कळदा त्या आखूड चरणातच पाय टेकतो. आझुमांची चौथी चौकटही अशीच आखूड आहे. तेथे हशा वसूल करणारी कोटी क्वचित असते. बहुधा एक गोंधळलेला चेहरा उरतो, किंवा एक स्तब्धता.

एक उदाहरण पाहू. मैत्रिणी सुट्टीत चियोच्या समुद्राकाठच्या घरी मुक्कामाला असतात. शिक्षिका युकारीबाई अजून झोपलेल्या आहेत. भांडे बडवून त्यांना उठवावे म्हणून ओसाका नावाची मुलगी स्वयंपाकघरात जाते आणि पळीऐवजी सुरी घेऊन बाईंच्या उशाशी येऊन उभी राहते. आपल्या हातात काय आहे याचा तिला पत्ताच नसतो. दुसरे उदाहरण ओकिनावाच्या शैक्षणिक सहलीतले. तेथे 'साता आंदागी' नावाचा, आपल्या गुलगुल्यासारखा, तळलेला गोड पदार्थ मिळतो. ओसाकाला त्या नावाचीच गोडी लागते आणि ती ते पुन्हा पुन्हा उच्चारत राहते. एवढेच. चाहते हे प्रसंग एकमेकांना आवर्जून सांगतात, आणि ऐकणाऱ्या त्रयस्थाला त्यात हसण्यासारखे काय आहे ते कळत नाही. घरोघरीच्या हकिकतींचेही असेच असते. त्या सांगून कळत नाहीत. त्यासाठी त्या घरात राहावे लागते. आझुमा वाचकाला त्या वर्गात राहावयास लावतात.

या वर्गातील प्रत्येक मुलगी इतरांच्या समजुतीपेक्षा वेगळी निघते. चियो मिहामा अवघ्या दहा वर्षांची आहे; असामान्य बुद्धीमुळे मधल्या इयत्ता ओलांडून ती येथे आली आहे. परीक्षेत ती सर्वांच्या पुढे असते आणि क्रीडादिनी सर्वांच्या मागे, व आपल्यामुळे वर्ग हरेल या धास्तीने ती कासावीस होते. उंच, अबोल सकाकीला सगळ्या जणी रुबाबदार समजतात. तिला मात्र मऊ बाहुल्यांची आणि मांजरांची ओढ आहे, आणि गल्लीतले मांजर गोंजारू जाताच दर वेळी तिच्या हाताचा चावा घेते. आयुमु कासुगा ही ओसाका शहरातून बदलून आलेली. त्या शहरातील माणसे बोलघेवडी व हजरजबाबी, असा जपानमध्ये समज आहे. ही मुलगी संथ आणि स्वप्नाळू आहे. तरीही तिला गावाच्याच नावाने हाक मारली जाते आणि तिचे खरे नाव जवळजवळ पुसले जाते. आझुमा स्वतः ओसाकाच्या शेजारच्या ह्योगो प्रांतातले आहेत, त्यामुळे ही थट्टा परक्याने केलेली वाटत नाही. आमच्याकडे वाडवळी किंवा सामवेदी बोलणारे मूल शहरातील शाळेत गेले की त्याच्या हेलावर वर्ग कसा हसतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या टोपणनावामागील बोच कळेल. ती बोच हळूहळू मायेत कशी विरघळते, हेही त्यांना दिसेल.

पहिल्या वाचनात आम्हांला एक उणीव जाणवली होती. या तीन वर्षांत कोणाचाही स्वभाव सुधारत नाही. उपद्रवी तोमो शेवटपर्यंत उपद्रवीच राहते. योमी तिला शेवटपर्यंत रागावते. युकारीबाई शाळेत पहिल्या दिवशी जितक्या बेशिस्त असतात, तितक्याच शेवटच्या दिवशीही. ज्या कथेत पात्रांचा विकास होत नाही ती कथा अपुरी, असा धडा आम्ही विद्यार्थीदशेत गिरवला होता. दुसऱ्या वाचनात वाटले की, येथे विकास पात्रांचा नसून त्यांच्या एकमेकींना सोसण्याचा आहे. तोमो बदलत नाही, पण तिच्यासाठी जागा ठेवावयास बाकीच्या शिकतात. मैत्रीचे असे चित्रण वाटते तितके सोपे नाही.

आता त्या तरुणाच्या दुसऱ्या वाक्याकडे वळू. या कथेतील प्रकरणांना महिन्यांची नावे आहेत. जपानी शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते व मार्चमध्ये संपते. क्रीडादिन, सांस्कृतिक महोत्सव, उन्हाळी सुट्टी, नववर्ष हे सारे कथेत तीनदा येऊन जाते. उपासनेच्या वर्षात सण थोडे आणि सामान्य काळाचे आठवडे तेहेतीस-चौतीस असतात. वर्षाला त्याचे रूप त्या साध्या आठवड्यांमुळेच येते. आझुमांनी या चित्रकथेत असाच सामान्य काळ रेखाटला आहे. शिवाय कथेतील तीन वर्षे आणि प्रकाशनाची तीन वर्षे सोबत चालली. जो जपानी विद्यार्थी एप्रिल १९९९ मध्ये उच्च माध्यमिक शाळेत दाखल झाला, तो मार्च २००२ मध्ये या मुलींच्याच बरोबरीने बाहेर पडला.

हे वेगळेपण नीट दिसण्यासाठी योन्कोमाच्या सर्वांत लाडक्या कृतीकडे पाहावे लागेल. माचिको हासेगावा यांची 'साझाए-सान' १९४६ ते १९७४ या काळात वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली, आणि तिच्यावरील दूरचित्रवाणी मालिका १९६९ पासून आजतागायत चालू आहे. त्या मालिकेत कोणाचेही वय वाढत नाही. साझाएचा धाकटा भाऊ पाचवीतून कधी वर गेलाच नाही. ऋतू येतात आणि जातात, कुटुंब तेथेच राहते. त्या स्थिरतेत एक दिलासा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. आझुमांनी मात्र त्याच चार चौकटींत घड्याळ चालू ठेवले. त्यामुळे तिसऱ्या वर्षाचा क्रीडादिन आला की तो शेवटचा आहे, हे वाचकाला ठाऊक असते, आणि पहिल्या वर्षीचाच साधा विनोद आता वेगळा लागतो. हसू कायम राहते, पण त्यात किंचित हुरहुर मिसळते.

सकाकीचे उदाहरण घ्या. सहलीच्या निमित्ताने मुली इरिओमोते बेटावर जातात. या बेटावरील रानमांजर जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही. त्यांची संख्या जेमतेम शंभरच्या घरात आहे आणि रस्त्यावरील वाहने हा त्यांच्यापुढील मोठा धोका आहे. आजवर जिला एकाही मांजराने जवळ केले नाही, त्या सकाकीच्या मागे तेथले एक पिल्लू आपण होऊन येते. ती त्याला माया हे नाव देते. पुढे आईविना पोरके झालेले हे पिल्लू पुन्हा तिच्या वाटेत येते, आणि पशुवैद्य होण्याची तिची इच्छा आता नुसती आवड राहत नाही. दोन वर्षे मांजराचा चावा हा एक ठरलेला विनोद होता. लेखकाने तो तसाच अनंतकाळ चालवला असता, तरी वाचक हसले असते.

येथवर आम्ही चाहत्यांच्या बाजूने बोललो. परंतु प्रेमाला परीक्षेची भीती नसावी, म्हणून एक गंभीर आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. अभिजात वाङ्मय शिकविणारे किमुरा हे शिक्षक आपण या पेशात का आलो, याचे उत्तर भर वर्गात देतात: शाळकरी मुली आवडतात म्हणून. लेखकाने त्यांना कायम उघड्या तोंडाचे, एखाद्या मुखवट्यासारखे रंगवले आहे, आणि मग त्यांना प्रेमळ पत्नी, गोड मुलगी व रस्त्यावरचा कचरा उचलण्याची चांगली सवय देऊन विसंगतीतून हशा मिळवला आहे. हे मासिक प्रामुख्याने तरुण पुरुषांसाठी निघते; तेव्हा मुलींकडे पाहणाऱ्या त्या वाचकालाच किमुरांच्या रूपाने आरसा दाखवला आहे, असेही कोणी म्हणेल. युक्तिवाद चतुर आहे, पण तो आम्हांला पटत नाही. चाहते म्हणतात, किमुरा निरुपद्रवी आहेत. त्यांनी काओरिनकडे पाहावे. ही मुलगी किमुरांना घाबरते, आणि तिसऱ्या वर्षी नेमकी त्यांच्याच वर्गात टाकली जाते. तिची भीती खरी आहे, आणि तरीही त्या पानांवरचे हसू तिच्याच खर्चाने मिळवलेले आहे. पालक ज्यांच्या हाती मुले विश्वासाने सोपवतात, अशा सर्व संस्थांत 'तो निरुपद्रवी आहे' या वाक्याने किती अनर्थ घडविला आहे, हे आता जगाला ठाऊक आहे. धर्मसंस्थाही त्यातून सुटलेली नाही. म्हणून आम्हांला या पानांवर हसता आले नाही. जे पुस्तक ओसाकाच्या संथपणाला आणि चियोच्या धास्तीला इतकी जपणूक देते, त्याने काओरिनलाही ती द्यावयास हवी होती.

हा डाग मान्य करूनही कथेच्या शेवटापुढे आम्ही नम्र होतो. मार्च येतो. चियो पुढील शिक्षणासाठी अमेरिकेला जाणार असते. ओसाकाने शिक्षिका व्हायचे ठरवलेले असते. योमीचा प्रवेश सर्वांत उशिरा निश्चित होतो आणि तोवर इतरांचा आनंदही अडून राहतो. मग निरोपसमारंभ होतो आणि कथा थांबते. लोकप्रियता शिखरावर असताना लेखकाने ती थांबवली. २००९ साली, दहा वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त, नव्या आवृत्तीसाठी त्यांनी थोडी प्रकरणे नव्याने रचली. त्यांना नाव दिले 'होशू', म्हणजे शाळेतले जादा तास. त्या तासांतही मुली त्याच तीन वर्षांतल्या आहेत. त्यांची लग्ने, नोकऱ्या, संसार दाखवण्याचा मोह लेखकाने टाळला.

चाहत्यांच्या जिव्हाळ्याचे मूळ आम्हांला येथे सापडते. शाळेत असताना आपणां सर्वांनाच 'काहीच घडत नाही' असे वाटत असते. घडत होते ते शाळा सुटल्यावर कळते, आणि तोवर बाके दुसऱ्यांना मिळालेली असतात. आझुमांनी हा अनुभव वाचकाला चार भागांत पुन्हा एकदा दिला आहे. पुस्तक परत करताना आम्ही त्या तरुणाला काओरिनविषयी विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला व म्हणाला की, त्या पानांचा त्याने असा विचार केला नव्हता. आता पुन्हा वाचून पाहीन. पुस्तक त्याने काखोटीला मारले आणि तो घरी गेला.