मारिया साबिनाचे पाहुणे

१३ मे १९५७ च्या 'लाइफ' साप्ताहिकात एक सचित्र लेख प्रसिद्ध झाला. लेखक गॉर्डन वॉसन हे न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन बँकेचे उपाध्यक्ष, आणि अळंब्यांचा अभ्यास हा त्यांचा नि त्यांच्या पत्नीचा जन्माचा छंद. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतात वाउत्ला नावाचे माझातेक आदिवासींचे डोंगरातले गाव आहे. तिथे जून १९५५ मधल्या एका रात्री एका बाईच्या हातून त्यांनी अळंब्या घेतल्या आणि पहाटेपर्यंत जे दिसले ते या लेखात लिहिले. आज मेक्सिको, पेरू, ब्राझील इथे 'वनौषधींच्या सोहळ्यां'साठी प्रवाशांची जी रांग लागते, तिचे पहिले तिकीट या लेखाने फाडले असे म्हणायला हरकत नाही.

हा जुना लेख आता उकरून काढायला कारण घडले. सेम्बावांगला आमच्या घरी महिन्यातून एकदा सात-आठ मराठी कुटुंबे पुस्तकांवर बोलायला जमतात. त्यांतल्या एका गृहस्थांची पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली. विपश्यनेचे दहा दिवस झाले, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, पण झोप नाही. पेरूमधल्या इकितोस शहराजवळच्या एका केंद्राचे माहितीपत्रक आणि वॉसनचा लेख त्यांनी माझ्या हाती दिला आणि म्हणाले, "वाचा आणि मोकळेपणाने सांगा." त्यांच्या परवानगीने इथे सांगतो आहे.

वॉसनचे लिहिणे वाईट नाही, हे आधी सांगितले पाहिजे. त्या काळचा गोरा माणूस आदिवासींच्या पूजेविषयी ज्या कुत्सितपणे लिही, त्याचा इथे मागमूस नाही. अंधारातले गाणे, टाळ्यांचा ताल, कोपऱ्यात झोपलेली मुले हे सारे त्याने आदराने टिपले आहे. खोट आहे ती दुसरीकडे. या साऱ्या वर्णनात आजारी माणूसच नाही! माझातेकांची ती जागरणाची रात्र, 'वेलादा', ही रोग्यासाठी असे. घरात कोणी अंथरुणाला खिळले, औषध लागू पडेना, की जाणतीला बोलवायचे. वॉसनना काहीच झाले नव्हते. परगावी असलेल्या मुलाची काळजी हे निमित्त पुढे करण्यात आले. म्हणजे रोग्याच्या जागेवर पाहुणा बसला, आणि तेव्हापासून तो तिथून उठलेला नाही.

लेखात त्या बाईंना 'एवा मेंदेस' असे टोपणनाव दिले होते. ते फार दिवस टिकले नाही. त्या मारिया साबिना. त्यांची बाजू वाचायची तर आल्वारो एस्त्रादा यांचे १९७७ चे पुस्तक घ्यावे. इंग्रजी भाषांतर १९८१ मध्ये निघाले. एस्त्रादा स्वतः माझातेक. बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, माझातेकखेरीज भाषा येत नव्हती. त्यांनी सांगितलेले एस्त्रादांनी स्पॅनिशमध्ये उतरवले. त्यामुळे त्यांची गाणी आपल्यापर्यंत दोन भाषा ओलांडून येतात आणि वाटेत पुष्कळ सांडतात. तरीही या पुस्तकाशेजारी वॉसनचा लेख फिका पडतो.

बाई सांगतात की गावच्या कारभाऱ्याने, कायेतानो गार्सियाने, शब्द टाकला म्हणून त्यांनी परक्यांना बसवून घेतले. अधिकाऱ्याला नाही कसे म्हणायचे? वॉसनच्या लेखात जो योगायोग वाटतो, तो इथे गावातल्या सत्तेचा साधा व्यवहार ठरतो. दुसरे असे की त्यांच्या मते पूर्वी अळंब्या देवाला भेटायला कोणी घेत नसे, आजारी माणूस बरा व्हावा म्हणून घेत. परके आले ते देव शोधत आले, आणि नंतर त्या 'लेकरां'चे (अळंब्यांना त्या लेकरे म्हणत) बळ गेले. पुढचे दुःखदच आहे. १९६० नंतर हिप्पींची रीघ लागली, मागोमाग पोलीस आले, गाव बाईंवर उलटले, त्यांचे घर जाळले गेले. १९८५ मध्ये त्या वारल्या, गरिबीतच.

मात्र एस्त्रादांच्या पुस्तकातून 'पवित्र परंपरा आणि दुष्ट परके' एवढाच अर्थ काढणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. अळंब्यांतले द्रव्य वेगळे काढणारे स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन १९६२ मध्ये वॉसनबरोबर वाउत्लाला गेले आणि कारखान्यातल्या गोळ्या त्यांनी बाईंना दिल्या. त्या घेऊन बाईंनी सांगितले की गोळ्यांतही तीच शक्ती आहे. तेव्हा पावित्र्य वनस्पतीत होते असे त्या स्वतः मानत नव्हत्या. कोण घेतो आणि कशासाठी घेतो, यात ते होते.

वॉसन पुढे आपल्याकडेही वळले. १९६८ च्या ग्रंथात त्यांनी ऋग्वेदातला सोम म्हणजे लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली अळंबीच, असा सिद्धांत मांडला. पुण्याच्या चिं. ग. काशीकरांनी १९९० च्या पुस्तकात एफेड्रा या झुडपाच्या बाजूने कौल दिला. वाद रंजक आहे, पण दोन्हीकडचे लक्ष 'कोणती वनस्पती' यावरच. खुद्द अग्निष्टोमात सोळा ऋत्विज लागतात, यजमानाला दीक्षा घ्यावी लागते, आणि खरा सोम मिळेना तेव्हा पूतीकासारखी बदली वनस्पती चालवून घेतली गेली. यज्ञ थांबला नाही. त्यातला सोमक्रयाचा विधी तर मला फार आवडतो. सोम विकणाऱ्याशी गाईच्या मोलावर घासाघीस करायची, तो 'राजा सोम याहून मोलाचा' म्हणत राहणार, शेवटी सौदा पटला की त्याला दिलेले सोने परत हिसकावून हाकलून द्यायचे. विक्रीवाचून भागत नाही आणि विक्रेत्याला मान द्यायचा नाही! इकितोसच्या माहितीपत्रकात दरपत्रक शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे, त्यावरून ही लाज अजून शिल्लक असावी.

आता आपल्याविषयी. डहाणू-जव्हारकडचा वारली भगत तांदळाचे दाणे मांडून आजाराचे कारण सांगतो, हे आपण लहानपणी ऐकले, आणि शिकलेल्या घरांत त्याला एकच शब्द होता : अंधश्रद्धा. डॉ. दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला तेव्हा परदेशातल्या आपल्यापैकी अनेकांना समाधान वाटले, मलाही. मग तेच काम ॲमेझॉनच्या काठी, डॉलरमध्ये, इंग्रजी दुभाष्यासह झाले की त्याला 'अनुभव' का म्हणायचे? भगताची भलामण मी करत नाही. परंतु तो निदान रोग्याच्या गावात राहतो, आणि उपाय फसला तर दुसऱ्या दिवशी त्याच पाणवठ्यावर त्याला तोंड दाखवावे लागते. केंद्रातला शामान पाहुण्याला विमानतळावर पोचवून मोकळा.

आमच्या सेम्बावांगला गरम पाण्याचा झरा आहे, १९०९ पासून माहीत असलेला. २०२० मध्ये तिथली बाग नव्याने उघडली. गुडघे धरलेली मंडळी पाय बुडवून बसतात, कोणी अंडी उकडतात. गुण येतो की नाही देव जाणे. पण त्या पाण्याने कोणाला आत्मज्ञान कबूल केलेले नाही.

त्या गृहस्थांना मी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. इकितोसच्या काढ्यात, म्हणजे आयावास्कात, जी पाने असतात त्यांत डीएमटी असते, आणि सोबतची वेल ते पोटात नष्ट होऊ देत नाही. वेलीचा हाच गुण नैराश्यावरच्या अनेक गोळ्यांबरोबर जिवावर बेतू शकतो. त्यांच्या गोळ्या त्याच जातीच्या आहेत. शिवाय डीएमटी इथल्या कायद्यात 'अ' वर्गात मोडते, आणि सिंगापूरचा नागरिक किंवा कायम रहिवासी यांनी ते परदेशात घेतले तरी इथे गुन्हा ठरतो. गृहस्थ कायम रहिवासी आहेत. माहितीपत्रकात यातले काही नव्हते.

ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मला देव नको आहे हो. रात्रभर कोणी जागे बसावे, एवढेच हवे आहे." मारिया साबिनांना हे वाक्य कळले असते.

पुढच्या बैठकीला एस्त्रादांचे पुस्तक ठेवले आहे. आमच्याकडची एकुलती प्रत सध्या त्यांच्याकडे आहे.